ओ देणारा

बाजारकुणंग गावची भजनी मंडळी गोंयात जाणार, ही बातमी त्या वर्षी दिवाळीच्या आधीच सुप्यापासून दिग्गीपर्यंत पसरली होती. गोंय तसं लांब नव्हतं. दिग्गीचा घाट उतरला की फिरंग्यांचा मुलूख लागायचा. मीठ आणि सुकी मासळी आणायला माणसं घाट चढत-उतरत असत, पण ती आडवाटेनं, नाक्यावरच्या शिपायांची नजर चुकवून. टाळ-मृदंग घेऊन, दिवसाढवळ्या, मानानं बोलावणं आल्यावर परक्या राज्यात जायचं, हे आजवर कधी घडलं नव्हतं. फिरंग्यांचा राजा गादीवरून गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं. जिथं देवाचं नाव दार लावून घ्यावं लागे, तिथंही आता उघड्यावर भजन करायला मोकळीक झाली होती म्हणे. तिकडच्या एका बागायतदारानं झिलूबुवांचं गाणं कुठंतरी ऐकलं होतं. त्यानं माणूस पाठवून सांगावा धाडला. सात गावं, बारा दिवस, राहायची सोय देवळांत.

मंडळीत नऊजण होते. झिलूबुवा साठी ओलांडलेले. अंगानं काटकुळे, पण आवाज असा की शेतात बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या वाडीतली बैलं माना वळवायची. त्यांचा पुतण्या म्हादू मृदंगावर. सुप्याकडून येऊन गावात राहिलेला वासू, वयानं लहान आणि गळ्यानं गोड. आणि बुवांच्या मागं सूर धरणारा लाडू.

लाडू तेव्हा चौतिशीचा होता. आठव्या वर्षी बाप लाकडं तोडताना गेला, आई त्याच्याही आधी. बुवांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोनं, गिरजाकाकीनं, त्याला आपल्या ओसरीवर आणून झोपवलं आणि आपल्या ताटातलं खायला घातलं. बुवांनी त्याच्या हातात टाळ दिले. सोळा वर्षं तो बुवांच्या डाव्या हाताला बसत होता. बुवांनी ओळ सोडली की ती खाली पडायच्या आत उचलायची, हे त्याचं काम. लग्न झाल्यावर, फुला घरात आल्यावर, त्यानं वेगळं घर बांधलं, पण संध्याकाळ बुवांच्याच ओसरीवर जायची.

निघायच्या आदल्या दिवशी देवळात शेवटची तालीम झाली. दुसऱ्याच अभंगाला बुवांनी हात वर केला. सगळे थांबले. बुवा लाडूकडं न बघता म्हणाले, "लाडू, तुझा सूर केसभर खाली बसतोय. गेलं वरीसभर बसतोय. गोंयात तू नुसते टाळ धर. माझ्या मागं वासू गाईल."

आवाज चढवलेला नव्हता. म्हणूनच ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं. वासूनं मान खाली घातली. म्हादूनं मृदंगाच्या दोऱ्या उगाच ओढून बघितल्या. लाडूनं फक्त मान डोलावली आणि तालीम संपेपर्यंत टाळ वाजवले. घरी आल्यावर फुलानं भाकरीची चवड कापडात बांधून दिली, ती त्यानं गाठोड्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते चालत दिग्गीला पोचले आणि तिथं मुक्कामाला राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी, दव पडत असताना, घाटाच्या तोंडाशी आले. तिथं फातरपाणी आहे. तीन काळे फातर, माणसाच्या दुप्पट उंचीचे दगड, एकमेकांना टेकून उभे, आणि मधल्याच्या पायाशी बारमाही झरा. वरून किंदळाच्या झाडांनी इतकं झाकून टाकलं आहे की दुपारीही तिथं सकाळच असते. घाट उतरणारा माणूस तिथं पाणी पितोच, कारण पुढं नाक्यापर्यंत थेंब मिळत नाही. बसायला म्हणून मात्र तिथं कोणी बसत नाही. जंगलात पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे त्या भागात पोराला चालायच्या आधी शिकवतात. हाक मारणारा आपलाच आहे की नाही, ते आधी बघावं. फातरपाण्यावर हे जास्तच पाळतात.

बुवा पाणी प्याले. त्यांनी तोंडावर पाणी मारलं. वासूला जवळ बसवून घेतलं आणि हलक्या आवाजात एक ओळ दोनदा म्हणून दाखवली. ती ओळ लाडूची होती. सोळा वर्षं त्यानंच उचललेली. वासूनं ती उचलली, आणि बुवा म्हणाले, "अस्सं."

लाडू उठला. पाय मोकळे करून येतो म्हणाला, आणि फातरांच्या मागं गेला. मागं वेताची जाळी होती, तिच्यामागं आणखी एक लहान फातर. त्याच्या आडोशाला तो टेकला. परत न जायचं त्यानं ठरवलेलं नव्हतं. थोडा वेळ बसायचं, आपली वाट बघू द्यायची, एवढंच मनात होतं.

थोड्या वेळानं बुवांची हाक आली. "लाडू."

तो गप्प बसला.

"लाडू, चल बाबा. उन्हाच्या आत उतरायचं हाय."

तो हलला नाही. टाळ वाजू नयेत म्हणून त्यानं ते पोटाशी दाबून धरले होते. बुवांनी तिसऱ्यांदा हाक मारली, आणि या वेळी त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. रागावलेला माणूस अशी हाक मारत नाही. झाल्या गोष्टीबद्दल काही बोलायचं असलं की मारतो. लाडूच्या घशात ओ आला. तो उठणार, तेवढ्यात पलीकडून म्हादूचं हसणं ऐकू आलं. कोणीतरी काहीतरी बोललं, काठ्या उचलल्याचे आवाज झाले, टाळ किणकिणले, आणि पावलं घाटाच्या वाटेला लागली.

त्याला वाटलं, तीन हाकांत संपलो आपण. सोळा वर्षं, आणि तीन हाका. जाळीतून त्यानं बघितलं. धुक्यात उतरत जाणाऱ्या पाठी दिसत होत्या. सगळ्यांच्या अंगावर कांबळी, डोक्यावर गाठोडी, सगळे सारखेच. त्यानं त्या मोजल्या नाहीत. मोजायला हव्या होत्या, असं पुढं त्याला किती वेळा वाटलं याला सुमार नाही.

घरी जायची सोय नव्हती. गावानं हार घालून पाठवलेला माणूस तिसऱ्या दिवशी एकटाच परत कसा येणार. दिग्गीच्या वरच्या अंगाला, डोंगरात चार खोपटांची एक वस्ती होती. तिथं त्याच्या बापाची बहीण बाळी एकटी राहत होती. तो तिच्याकडं गेला आणि वाटेत ताप भरला म्हणून मागं फिरलो असं सांगितलं. आत्यानं त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं. तिनं चुलीवर पेज ठेवली आणि दुसऱ्या दिवशी त्याला नाचणीच्या मळणीला लावलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मळणी आटोपल्यावर, तो बाहेर दगडावर बसला होता. या वेळेला तिकडं भजन उभं राहत असेल, हे मनात आलं. सवयीनं त्यानं सूर लावला.

सूर लागला नाही. घसा बसला होता असं नाही. बोलता येत होतं, गुरांना हाकारता येत होतं. पण सूर म्हणून जे काही छातीतून वर यायचं, ते येईना. शब्द बाहेर पडले ते नुसते बोलल्यासारखे, कोरडे. त्यानं पुन्हा करून बघितलं. आत्या दारात उभी होती.

"आवाज कुठं ठेवून आलास रे?" ती म्हणाली. थट्टाच केली होती तिनं. पण म्हणून झाल्यावर ती थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिली आणि आत जाऊन तिनं दार ओढून घेतलं.

पुढचे दहा दिवस तो रोज त्या वेळेला प्रयत्न करत होता. शेवटी शेवटी त्यानं सोडून दिलं.

मंडळी परत यायचा दिवस त्यानं बोटांवर धरून ठेवला होता. ते पोचल्यावर एक दिवस जाऊ द्यावा, मग गावात जावं, बुवांचे पाय धरावेत आणि काय ती शिवी खावी, असं त्यानं ठरवलं. आत्याच्या वस्तीवरून ओढ्याच्या काठानं एक वेगळी वाट होती. त्या वाटेनं, दिग्गी आणि फातरपाणी दोन्ही टाळून, तो दुपारच्या आधी बाजारकुणंगच्या शिवारात आला.

बांधावर म्हादू एकटाच बसला होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

लाडू वाटेतच थांबला. म्हादूला एकच चुलता होता.

म्हादूनं त्याला बघितलं आणि उठून उभा राहिला. रागाचा मागमूस नव्हता. "किती उशीर केलास," तो म्हणाला. "आम्ही काल सांजेला पोचलो." आणि एवढा मोठा माणूस लाडूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागला.

रडता रडता तो जे बोलला, ते लाडूला पुष्कळ वेळ कळलंच नाही. नवव्या दिवशी पहाटे बुवा गेले. थंडीत छाती भरली होती. देवळाच्या अग्रशाळेत, पाहुण्यांना उतरायच्या ओवरीत, परक्या मुलखात, पण त्या लोकांनी घरच्यासारखं केलं. अग्नी म्हादूनं दिला. आणि म्हादू पुनःपुन्हा म्हणत होता की तू होतास म्हणून निभावलं. बुवांचं डोकं तुझ्या मांडीवर होतं म्हणून ते सुखानं गेले. तू तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नाहीस.

लाडूला वाटलं, दुःखानं याचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "म्हादू, मी न्हवतो रे तिथं."

"कुणीच न्हवतं," म्हादू डोळे पुसत म्हणाला. "सगळ्यांचीच सुध गेली हुती."

गावात शिरेपर्यंत बाकीचं कानावर आलं. मंडळीतली माणसं एकेक करून भेटत गेली, आणि प्रत्येकाकडं त्याच्याबद्दल सांगायला काहीतरी होतं. दुसऱ्याच गावात वासूचा गळा बसला. मग बुवांनी लाडूला गायला सांगितलं. आणि लाडू असा गायला की मांडवातली माणसं उठून उभी राहिली. वासू स्वतः हे सांगत होता, आणि सांगताना त्याच्या तोंडावर असूया नव्हती. म्हणाला, केसभरसुद्धा खाली नाही. भजन झाल्यावर बुवांनी सगळ्यांसमोर लाडूचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, माझंच चुकलं, माझाच कान म्हातारा झाला. बुवांनी कोणापुढं चूक कबूल केल्याचं कोणी कधी बघितलं नव्हतं. लाडूनंही बघितलं नाही.

येताना फातरपाण्यावर सगळे पाणी प्यायला थांबले. लाडू म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, मी थोडा वेळ बसतो, माझं माणूस यायचं हाय. बुवा गेल्यामुळं त्याचं मन ठिकाणावर नसेल, असं सगळ्यांना वाटलं. त्याला तिथं सोडून ते पुढं आले.

हे सगळं त्याला सांगताना ते त्याच्या तोंडाकडं बघत होते, त्याला ठाऊक असलेलंच सांगावं तसे. आणि तो मान हलवत होता.

गिरजाकाकी ओसरीवर बसली होती. भोवती बायका होत्या. लाडू समोर जाऊन उभा राहिला, तशी तिनं मान वर केली आणि त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ त्याला तेव्हा लागला नाही. भिक्षेला आलेल्या अनोळखी माणसाकडं दारातून बघावं, तसं ते होतं.

म्हादू म्हणाला, "काकी, जायच्या आधी काकांनी ह्याला जवळ वाकवून कानात सांगितलं. ह्यानं आम्हाला सांगितलं न्हाई. म्हणाला, काकीलाच सांगीन." मग तो लाडूकडं वळला. "सांग की आता."

लाडूला त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. त्यानं तोंड उघडलंही. पण सगळे डोळे त्याच्यावर होते, म्हादूचं भादरलेलं डोकं समोर होतं, आणि खरं सांगायचं म्हणजे बुवा एकटे गेले असं सांगायचं, की आणखी काही, हे त्यालाच कळत नव्हतं.

"बुवा म्हणाले," तो म्हणाला, "घर नीट सांभाळ. मागं कष्टी हू नको."

काकीनं पदर सावरला. मग म्हणाली, "बरं."

चार दिवसांनी तो फातरपाण्यावर गेला. फुलाला सांगितलं, वेत आणायला जातो. दुपारी पोचला. झरा वाहत होता, फातर ओले होते. कोणी नव्हतं.

मग त्याला जागा दिसली. मधल्या फातराच्या उजव्या अंगाला, जिथून दिग्गीची वाट वळणापर्यंत दिसते, तिथलं गवत बसून बसून दबलं होतं. एखाद्या तासाचं दबणं ते नव्हतं. कडेला पानाचा द्रोण होता, त्याच्या तळाशी अजून पाणी होतं. चघळून टाकलेल्या सुपारीचा ढीग होता, चार-पाच दिवसांचा. त्यातली वरची सुपारी ओली होती.

लाडूनं चहूकडं बघितलं. त्याला हाक मारावीशी वाटली, पण काय म्हणून हाक मारायची ते सुचेना. हाक मारणाऱ्याबद्दल त्याला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलं होतं. ओ देणाऱ्याबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं.

तो परत आला. वेत आणायचा विसरला. फुलानं विचारलं नाही.

बुवांच्या जागी आता लाडू, असं गावानं धरूनच ठेवलं होतं. महिन्याभरानं देवळात त्याला मधे बसवलं. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, मला जमणार नाही. लोकांना वाटलं, गुरूच्या दुःखानं गळा मिटला. त्याची वाहवाच झाली. पुढच्या वर्षी गोंयातला तो बागायतदार स्वतः घाट चढून आला, लाडूच्या पाया पडला आणि म्हणाला, तो आवाज अजून आमच्या मांडवात आहे. लाडूनं त्याला गूळपाणी दिलं आणि बैलांचं निमित्त करून बाहेर गेला. मंडळी हळूहळू मोडली. वासू सुप्याला परत गेला. तापाच्या साथीच्या वर्षी म्हादू गेला. टाळ देवळाच्या खुंटीवर टांगलेले राहिले.

गिरजाकाकीच्या ओसरीवर लाडू परत चढला नाही. रोज ठरवायचा. आज जाऊ, खरं काय ते सांगू. मग वाटायचं, आज नको, आज तिच्याकडं कोणी असेल. तिचं घर गावाच्या टोकाला, केळीच्या बनाआड होतं. त्या बाजूनं जायचं झालं तर तो शेतातून वळसा घ्यायचा. पेरणी झाली, कापणी झाली, पुन्हा पेरणी आली. म्हातारी एकटी काय खाते, तिची लाकडं कोण आणतं, हे मनात यायचं आणि तो कामाला लागायचा.

पहिल्यांदा त्याला तो टोमणाच वाटला. शेजारची सुंदरी विहिरीवर फुलाला म्हणाली की तुझा नवरा काकीचं करतो तसं पोटचा पोरगा करणार नाही. फुलानं घरी येऊन ते सांगितलं, आणि तिच्या आवाजात अभिमान होता. लाडूनं मान हलवली.

मग असं अधूनमधून होऊ लागलं. कोणी म्हणे, काल काकीचं छप्पर शाकारताना दिसलास. कोणी म्हणे, कशाला एवढा घाम गाळतोस, मला हाक मारायचीस, दोघं मिळून फोडली असती लाकडं. एकदा फुलाच म्हणाली, "काकीकडनं येताना तिला लोणचं विचारायला सांगितलं हुतं, विसरलास व्हय?" तो म्हणाला, विसरलो.

खोटं बोलायची गरजसुद्धा नव्हती. कोणी विचारतच नव्हतं. आपल्या नावावर चांगुलपणा साठत चालला आहे आणि आपण तो नुसता मान हलवून घेत आहोत, हे त्याला रात्रंदिवस टोचायचं. आणि तरीही तो वळसा घेतच राहिला. काकीच्या घरी जाऊन बघायचं धाडस त्याला झालं नाही. असं करता करता नऊ वर्षं गेली.

दहाव्या वर्षी पौषात काकी आजारी असल्याचं कानावर आलं. त्या दिवशी तो निघाला. ऊन कलतं झालं होतं. मळणी संपून गाव निवांत होता. केळीच्या बनातून तो पुढं आला तर काकी ओसरीवर ऊन घेत बसली होती, मांडीवर सूप, तांदळातले खडे वेचत. खंगली होती, पण डोळे स्वच्छ होते.

छप्पर नवं होतं. भिंतीला लागून फोडलेली लाकडं रचली होती, साल खाली आणि चिरलेला भाग वर, एकावर एक आडवी-उभी. गावात तसं एकच माणूस रचतो. लाडूनं आपल्या हातांकडं बघितलं.

तो ओसरीच्या कडेला टेकला. तिनं बस म्हटलं नव्हतं.

"काकी," तो म्हणाला, "मी गोंयात गेलो न्हवतो."

तिनं एक खडा वेचून अंगणात टाकला. "ठाऊक हाय."

तिनं सूप पुन्हा हलवलं.

मग ती बोलली, हळूहळू, हात न थांबवता. "मंडळी आली त्या सांजेला तो आला हुता. सगळे आपापल्या घरी गेल्यावर, मागल्या दारानं. हितं बसला. ह्यांनी काय सांगितलं ते सांगितलं. रडला. दुसऱ्या दिवशी तू आलास, आणि म्हणालास, घर सांभाळ." तिच्या आवाजात राग नव्हता. "ह्यांनी घराचं नाव जन्मात कधी काढलं न्हाई."

लाडूला वाटलं, ऊन गेलं. ऊन तसंच होतं.

"तो कोण हाय, काकी?"

"लाडू," ती म्हणाली.

"मग मी?"

"तू बी लाडूच. हाक मारली तवा तू आला न्हाईस. तो आला."

एवढ्या वर्षांत जे विचारायचं म्हणून तो झुरत होता, तेच शेवटी त्यानं विचारलं. बुवा काय म्हणाले, तेवढं सांग. त्यानं हात जोडले होते.

काकीनं सूप बाजूला ठेवलं. पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत दया होती.

"ते त्याला सांगितलेलं हाय," ती म्हणाली.

तिनं मान वळवून उन्हाकडं बघितलं. ते अंगणाच्या कडेला, केळीच्या बुंध्यापर्यंत आलं होतं.

"ऊठ आता. त्याची यायची वेळ झाली. तुला बघितलं की त्याला वाईट वाटतं."

लाडू उठला.

का उठला, हे त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. बसून राहता आलं असतं. पण तिनं सांगितलं आणि तो उठला, आणि पुढच्या वाटेनं न जाता घराला वळसा घालून मागच्या अंगणातून, परसातल्या काट्यांच्या कुंपणातून, अंग चोरून बाहेर पडला.

कुंपणापलीकडं तो थांबला.

पुढच्या बाजूला वाळक्या पानांवर पावलं वाजली. सावकाश, ओळखीच्या घरी येणाऱ्या माणसाची. ओसरीची फळी कुरकुरली.

मग काकीचा आवाज आला. लाडू आठ वर्षांचा असताना, पहिल्या रात्री, ज्या आवाजात तिनं त्याला भूक लागली का विचारलं होतं, त्या आवाजात ती म्हणाली, "आज लई दमल्यासारखा दिसतोस रे. बस. भात टाकते."

बुवा गेल्यापासून तिला हसताना गावात कोणी ऐकलं नव्हतं. तिच्या बोलण्यावर कोणीतरी हळू आवाजात काहीतरी बोललं असावं, कारण काकी हसली.